डाव्या खोलीतली साखर

सोमवार, ४ नोव्हेंबर

साखर मोजायच्या पट्ट्या विकणारा आज प्रयोगशाळेत आला होता. जाताना ही डायरी देऊन गेला. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक बोट आणि बोटावर रक्ताचा टपोरा थेंब. तारखा छापलेल्या नाहीत, तेव्हा वर्ष संपत आलं तरी चालेल म्हणे. फुकट ते पौष्टिक, म्हणून घेतली. मनातलं सांगायला घरात बाबा आहेत, पण बाबांना सांगितलं की संध्याकाळी ते फोनवरून धाकट्या बहिणीला पोचतं, आणि धाकटीला पोचलं की जगाला.

तर झालं असं की सरांनी आज माझ्या प्रयोगात वाटेकरीण आणून बसवली.

सहा वर्षं मी या अर्काच्या मागे आहे. एका झाडाच्या सालीचा अर्क, वासाला कडू, चवीला त्याहून कडू. पांढऱ्या उंदरांना इंजेक्शन देऊन मधुमेह आणायचा, त्यांतल्या अर्ध्यांना अर्क पाजायचा, अर्ध्यांना नुसतं पाणी, आणि दर गुरुवारी शेपटीच्या टोकातून थेंब काढून साखर मोजायची. अर्कवाल्यांची उतरली आणि पाणीवाल्यांची चढलेलीच राहिली, की शोधनिबंध. त्यावर पहिलं नाव माझं, आणि ज्याचं नाव पहिलं त्याच्या हाताखाली पुढचा टप्पा. एवढ्यासाठी सहा वर्षं उंदरांच्या शेपट्या धरल्या.

"एकटीने किती करणार तुम्ही?" सर म्हणाले. "डावी खोली तुमची, उजवी यांची. दोन्हीकडे सारखेच उंदीर. काम लवकर उरकेल."

"आणि पहिलं नाव?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"ते आकडेच ठरवतील की," सर हसत म्हणाले. त्यांना वाटलं विनोद केला.

ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल. हळू चालते, हळू बोलते, दारसुद्धा असं लावते की लागलं की नाही ते कळत नाही. मी तिचं नाव हळूबाई ठेवलं आहे. अर्थात इथेच, डायरीत.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

हळूबाईला नियम समजावले. घरचे स्वेटर-शाली बाहेर, आत कपड्यांवर फक्त इथला कोट. अत्तर नाही, सुगंधी तेल नाही, कांदा चिरून आलेला हात साबणाने दोनदा धुवायचा. "उंदराला डोळ्यांनी बेताचंच दिसतं, पण नाक आपल्यापेक्षा शहाणं," मी म्हटलं. "भलता वास आला की तो बावरतो, बावरला की साखर चढते, आणि मग मोजलेलं सगळं पाण्यात." नियमांचा तक्ता दारावर आहे, तोही माझ्याच अक्षरात.

खोलीत थंडी मरणाची असते, म्हणून मी कोटाच्या आत माझा निळा स्वेटर घालते. तिचं लक्ष गेलं. मी म्हटलं, "मी इथली जुनी. उंदीर मला ओळखतात."

"बरं, ताई," ती म्हणाली. मी हिची ताई कधी झाले? घरात एक धाकटी आहे, तेवढी पुरे.

मग पहिली मोजणी झाली. शेपटीतून थेंब काढण्यात या इमारतीत माझा हात धरणारं कोणी नाही. उंदीर धरला, शेपूट पुसली, टोचलं, पहिला थेंब टिपून टाकला, दुसरा पट्टीवर, झालं. हळूबाई आधी उंदराला हातावर घेते, कोपरापर्यंत फिरू देते, वर गुणगुणते. बारसं करतेय की काय असं वाटतं. आमचा शिपाई मामा पिंजऱ्यांचं सगळं बघतो आणि उंदरांना जावईबापू म्हणतो, कारण खायचं, लोळायचं आणि आपण पुसायचं. तो तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "जावयांना सासूबाई आवडल्या वाटतं."

माझ्याबद्दल त्याने असं कधी म्हटलं नाही. असो. आकडे दोन्ही खोल्यांत सारखे आले. आजारी उंदीर तीनशेच्या घरात, तुलनेसाठी ठेवलेले धडधाकट शंभराच्या आसपास. उद्यापासून अर्क सुरू.

रविवार, १० नोव्हेंबर

धाकटी आली आणि घर डोक्यावर घेतलं. तिची बदली झाली आहे, नव्या घरमालकाला प्राणी चालत नाहीत, म्हणून तिने तिची मांजर आमच्या गळ्यात बांधली. पांढरी, पिवळ्या ठिगळांची, चालण्यात असा तोरा की बाबांनी पाच मिनिटांत तिचं नाव कारभारीण ठेवलं.

"बाबांना सोबत होईल गं," धाकटी म्हणाली. मी काय तबेल्यात राहते?

बाबांची साखर रोज सकाळी मी मोजते. कधी एकशे ऐंशी, कधी एकशे नव्वद. आज हौसेने धाकटीने मोजली, तर एकशे चाळीस. लगेच टाळ्या. मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. तर बाबा म्हणतात, "मशीनला काय झालंय? तू मोजतेस तेव्हा परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. ती मोजते तेव्हा गप्पा चाललेल्या असतात."

वर्षातून चारदा येणाऱ्या माणसाला गप्पा परवडतात. रोज पथ्य सांभाळणाऱ्याला कोण टाळ्या वाजवतं?

शनिवार, १६ नोव्हेंबर

एक गंमत. कारभारीण बाबांच्या सोबतीला आणली खरी, पण ती बाबांकडे ढुंकून बघत नाही. मी आले की माझ्या पायांत, मी बसले की माझ्या मांडीवर, मी निजले की खुर्चीवर टाकलेल्या माझ्या निळ्या स्वेटरवर. सकाळी तिला उठवून स्वेटर घ्यावा लागतो, तेव्हा असं बघते की मीच चोर.

बाबा म्हणाले, "दिवसभर उंदीर, रात्री मांजर. तू नक्की कोणाच्या पक्षात आहेस ते एकदा ठरव." खूप हसलो दोघं. मग धाकटीचा फोन आला, तेव्हा मी मुद्दाम सांगितलं की तुझी मांजर माझ्याशिवाय झोपत नाही. तिने घाईघाईने विषय बदलला. मला बरं वाटलं. वाटलं ते लिहिते, डायरीशी काय खोटं बोलायचं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

डोकं फिरलं आहे.

उजव्या खोलीत अर्कवाल्यांची साखर उतरायला लागली. तीनशेवरून दोनशे तीस, दोनशे चाळीस. माझ्याकडे तीनशे दहा, तीनशे चाळीस, एक तर पावणेचारशे. अर्क एकाच बाटलीतला, पाजायचं माप एकच. आणि माझ्याकडच्या धडधाकट उंदरांची साखर दीडशे! त्यांना काय धाड भरली?

एका उंदराने आज मला चावायचा प्रयत्न केला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर ढकलला. "उजवीकडे छान दिसतंय," एवढंच म्हणाले. डावीकडे कसं दिसतंय ते म्हणाले नाहीत. ते म्हटलं असतं तर एक वेळ परवडलं असतं.

हळूबाई शेजारीच उभी होती. तोंडावर काळजी. आतून उकळ्या फुटत असणार.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

नवीन पट्ट्यांचा डबा फोडला. मशीन बदललं. मामाला विचारलं, पिंजरे वेळेवर बदलतोस ना? मोजणीच्या सकाळी खाणं वेळेवर काढतोस ना? तो रागावला. आकडे तेच.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

सरांनी आजच्यापुरती अदलाबदल करायला लावली. ती डाव्या खोलीत, मी उजव्या. ती नेहमीप्रमाणे माझ्या आधी येऊन मोजूनही बसली होती. माझ्याच खोलीतल्या, माझ्याच उंदरांचे आकडे तिच्या हातून खाली आले. मी मोजलेले तिचे उंदीर वर चढले. म्हणजे दोष उंदरांचा नाही, अर्काचा नाही, माझ्या हाताचा. ज्या हाताने या इमारतीतल्या निम्म्या लोकांना शिकवलं त्या हाताचा!

मी सरांना सांगितलं, ती शेपूट पिळते. पिळली की थेंबात रक्ताबरोबर दुसरं पाणी उतरतं आणि साखर कमी दिसते. नवशिक्यांची जुनी खोड. सर म्हणाले, "मी उभा होतो तिथे. नाही पिळत." सर तिथे उभे होते. माझ्या खोलीत सर कधी उभे राहिले?

बाहेर पडताना हळूबाईने माझ्या खांद्यावरून काहीतरी चिमटीत उचललं आणि निरखून बघितलं. मी झटक्यात बाजूला झाले. आकड्यांत हरवायचं आणि वर अंगाला हात लावून जवळीक दाखवायची. असल्या लाडीगोडीला मी भीक घालत नाही.

मंगळवार, ३ डिसेंबर

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. डबा उघडला नाही, नुसती झाकणाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावणार नाही ना? तुमच्या घरी मांजर आहे का?"

म्हणजे आता माझ्या घरापर्यंत मजल गेली. उद्या विचारेल, बाबांचं कसं चाललंय, तुम्ही लग्न का नाही केलंत. एकटी बाई आणि मांजर, यावर लोक काय काय बोलतात ते मला माहीत नाही की काय?

"माझ्या घरात काय आहे आणि काय नाही, याची उठाठेव तुम्ही करू नका," मी म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं. दोन टेबलांपलीकडे चमचे थांबले.

तिचा चेहरा पडला. डबा न खाताच उठून गेली. संध्याकाळी थोडं वाईट वाटलं, पण कारभारीण मांडीवर येऊन बसली आणि ते निवळलं.

सोमवार, ९ डिसेंबर

आता हद्द झाली. माझ्या खुंटीवर एक नवा कोट लटकवलेला. जाड, आतून अस्तर लावलेला, परीटघडीचा. हळूबाई म्हणाली, "भांडारातून मागवून घेतला, ताई. हा घातला की आत स्वेटर लागणार नाही. थंडी वाजत नाही याने."

म्हणजे माझा स्वेटर हिच्या डोळ्यांत खुपतो. कोपरावर विरलाय, कबूल आहे, पण तो आईने विणलेला आहे. आई गेल्यावर एकही हिवाळा मी त्याच्याशिवाय काढला नाही. हिला काय सांगू हे? "मला कोणाचं उतरलेलं नको," मी म्हटलं. कोट कोरा होता, तरी म्हटलं. अजून खुंटीवर आहे. लटकू दे.

गुरुवार, १२ डिसेंबर

आज लवकर गेले आणि बघते तर हळूबाई माझ्या, म्हणजे डाव्या खोलीतून बाहेर पडतेय. हातात ओला फडका. मला बघून दचकली.

"इथे काय करत होतात?"

"काही नाही, ताई. जरा पुसत होते."

पुसायला मामा आहे. दाल में काला म्हणतात तो हाच. आज आकडे पुन्हा चढलेले. माझ्या आधी आत जायचं, माझ्या उंदरांना काहीतरी करायचं, म्हणजे मी मोजेपर्यंत त्यांची साखर आभाळाला. आता कळलं. पण पुरावा काय?

गुरुवार, १९ डिसेंबर

पुरावा मिळाला! हातात बर्फी घेऊन नाचावंसं वाटतंय.

काल रात्री बाबांनी चहाचा अख्खा कप माझ्या स्वेटरवर सांडला. मी चडफडत तो भिजत घातला आणि आज दोन सदरे एकावर एक चढवून गेले. पोचले तर मामा म्हणाला, हळूबाईचा मुलगा तापाने फणफणलाय, ती येणार नाही. दोन्ही खोल्या मलाच मोजायच्या.

मोजल्या. उजवीकडे अर्कवाले एकशे नव्वद, दोनशे. आणि डावीकडे, माझ्याकडे? एकशे पंच्याण्णव! दोनशे पाच! धडधाकट उंदीर शंभर! सगळे शहाण्या मुलांसारखे हातात आले. एकाने तर बोट चाटलं.

ती नाही, तर माझे आकडे सरळ. याहून स्वच्छ काय हवं? दिवसभर कुडकुडले, पण असं कुडकुडणं रोज मिळो.

शुक्रवार, २० डिसेंबर

सरांकडे गेले. सगळं सांगितलं: ओला फडका, सकाळी चोरून जाणं, ती नसताना उतरलेले आकडे. सरांनी तिला बोलावलं. "डाव्या खोलीत जात होता?"

"हो, सर."

"कशासाठी?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते, आता काहीतरी रचेल. ती एवढंच म्हणाली, "पुसायला. पिंजऱ्यांच्या कडा."

चौकशी होईपर्यंत तिला वरच्या मजल्यावर काचसामान मोजायला पाठवलं. तिची नोकरी अजून कायम झालेली नाही, ते आता होईल असं वाटत नाही. दोन्ही खोल्या माझ्या. पहिलं नावही माझंच.

आनंद झाला. झाला म्हणजे व्हायला हवा तेवढा झाला. संध्याकाळी तिची ती गुणगुण कानात येत राहिली, पण गाणं कोणतं ते आठवत नव्हतं म्हणून आणखी वैताग.

गुरुवार, २ जानेवारी

मागच्या गुरुवारी सुट्टी होती, मोजणी झाली नाही. आज झाली. तीनशे वीस. तीनशे साठ. धडधाकट एकशे पंचावन्न. दोन्ही खोल्यांत.

ती नाही. ती वर काचेच्या नळ्या मोजतेय. मग हे कोण करतंय?

मामाला विचारलं, ती चोरून खाली येते का? मामा नेहमीसारखा हसला नाही. "मॅडम, आता त्या बाईला सोडा," म्हणाला.

खोलीत विलक्षण थंडी. बरं झालं स्वेटर वाळला होता.

शनिवार, ४ जानेवारी

हे नीट लिहायला हवं.

आज मोजणी नव्हती, पण मला राहवेना म्हणून गेले. उजव्या खोलीत पिंजरे सरकवताना घाम आला, म्हणून स्वेटर काढून भिंतीजवळच्या खुर्चीवर टाकला आणि चहाला गेले. परत आले तर मामा दारात उभा. "हे बघा जावयांचं. रुसले की काय सगळे?"

प्रत्येक पिंजऱ्यात उंदीर खुर्चीपासून लांबच्या कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगावर चढून बसलेले. हलत नव्हते. नुसत्या मिशा हलत होत्या.

का कोण जाणे, मी खुर्ची उचलली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. आम्ही दोघं उभे राहिलो. आधी एक निघाला, मग दुसरा, मग सगळेच, पिंजऱ्याच्या कडेकडेने, पोट तळाला टेकवून. थोड्या वेळाने सगळ्या पिंजऱ्यांतले सगळे उंदीर विरुद्ध कोपऱ्यात.

स्वेटर हातात घेऊन खिडकीशी नेला. पांढरे केस, पिवळे केस. बाह्यांवर, खांद्यावर, आई टाके मोजून विणायची त्या प्रत्येक टाक्यात.

मामा म्हणाला, "तुमच्या घरी मांजर आहे?"

हा प्रश्न मला आधी एकदा विचारला होता.

रविवार, ५ जानेवारी

दिवसभर हिशेब मांडतेय. मांजर आली त्या रविवारनंतरचे माझे सगळे आकडे रद्दी. त्याआधीची एकच मोजणी ठीक, पण ती झाली तेव्हा अर्कच सुरू नव्हता. उजव्या खोलीतले तिचे आकडे खरे, अगदी पहिल्यापासून.

आणि हेही लिहिते, कारण खरं आहे: कोणाला कळायला हवं का? मामा बोलणार नाही, मी गप्प राहा म्हटलं तर राहील. स्वेटर घरी ठेवायचा. पुढच्या गुरुवारपासून आकडे उतरतील, सर म्हणतील, बघा, ती गेली आणि सगळं ताळ्यावर आलं. सरांना ते पटलेलंच आहे. मला खोटं एकही वाक्य बोलायचं नाही. नुसतं गप्प बसायचं आहे. ती तरुण आहे, तिला दुसरीकडे काम मिळेल. मला सहा वर्षं दुसरीकडे मिळणार नाहीत.

बाबांना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ते म्हणाले, तू आज माझी साखर घेताना तीनदा टोचलंस. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "मांजर धाकटीकडे पाठवून देऊ का?"

"मांजराचं काय चुकलं?"

"तेच म्हणतोय मी," बाबा म्हणाले आणि बोट पुसत बसले.

सोमवार, ६ जानेवारी

स्वेटर घरी ठेवून गेले. खुंटीवरचा कोट तसाच होता, खांद्यांवर धूळ बसलेली. झटकला आणि घातला. उबदार आहे. मापाला अगदी बरोबर, माझा अंदाज तिने कधी घेतला कोण जाणे.

खिशात हात घातला तर कपड्यांवरचे केस काढायचा छोटा ब्रश. नवाकोरा, कागदाची पट्टीही न काढलेला.

कोणासमोर काढायचा होता तिने हा विषय? मी तर चारचौघांत तिचं तोंड बंद केलं होतं. मग तिने कोट आणला, ब्रश ठेवला, रोज पहाटे येऊन पिंजऱ्यांच्या कडांवरचे मांजराचे केस पुसले, आणि सरांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे बघून गप्प राहिली. एवढा चांगुलपणा माणसाच्या अंगावर येतो. तिने एकदा ओरडून सांगितलं असतं तर मी सुखाने भांडले असते.

मोजणीचा दिवस नसताना चार उंदीर मोजले. चौघांची साखर उतरलेली. सर दारातून डोकावले, आकडे बघितले आणि खूश झाले. "म्हटलं नव्हतं? तुम्ही म्हणत होता तेच खरं निघालं. तिला कामावरून कमी केल्याचं पत्र मी या आठवड्यात काढतो."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

सांगितलं.

स्वेटर पिशवीत घालून नेला आणि सरांच्या टेबलावर ठेवला. सर म्हणाले, हे काय? म्हटलं, हा डाव्या खोलीचा आजार. मग मांजर, मग खुर्ची, मग फडका, कोट, ब्रश. मामाला साक्षीला बोलावलं. सर सुरुवातीला हसले, मग हसायचे थांबले.

"दारावरचा तक्ता तुम्हीच लिहिलाय," ते म्हणाले.

"हो."

"डावी खोली बाद करावी लागेल. आणि मग पहिलं नाव कोणाचं लागणार, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"पुढचा टप्पाही."

"ठाऊक आहे म्हटलं ना, सर." आवाज चढला. मग बाहेर येऊन भांडी धुवायच्या खोलीत नळ सोडून रडले. पश्चात्तापाने नाही. जळून रडले. सहा वर्षांनंतर तिचं नाव आधी आणि माझं मागे, हे मला आजही सहन होत नाही, आणि उद्याही होणार नाही.

नंतर वरच्या मजल्यावर गेले. हळूबाई नळ्या मोजत होती. मी म्हटलं, "माझ्या घरी मांजर आहे."

तिने हातातली नळी खाली ठेवली. "माहीत आहे, ताई," म्हणाली. "तुमच्या खांद्यावर केस होता."

"मग सरांसमोर का नाही बोललात?"

"तुम्ही तिथे होतात. म्हटलं, अंगावर आलं म्हणून मांजराचं नाव घेतेय असं वाटेल." मग म्हणाली, "आणि खरं सांगू? राग आला होता. म्हटलं, बघू दे त्यांचं त्यांना."

हे ऐकून मात्र मला तिच्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. म्हटलं, रविवारी चहाला या. गुन्हेगार दाखवते.

रविवार, १२ जानेवारी

आली. हळूच आली, बेलसुद्धा अर्धवट वाजवली. बाबांनी दार उघडलं आणि पाच मिनिटांत त्यांचे सूर जुळले. बाबांनी साखर मोजायला बोट पुढे केलं ते तिच्याकडे. एकशे अडतीस. चहात साखर घालताना मी डबा जरा जोरात आपटला, तेवढंच.

ती मांजराला बोलावत नव्हती, नुसती बसली होती, ते गुणगुणणं चालू. कारभारीण माझ्या मांडीवर होती. तिने कान टवकारले, उठली, आळस दिला, माझ्या मांडीवरून उतरली आणि सरळ जाऊन हिच्या कुशीत शिरली. दोन महिने जी माझ्याशिवाय झोपली नाही, ती तिथे पोट वर करून घुरघुरायला लागली. बाबा हसले. मला हसू आलं नाही. पहिलं नाव घेतलं, पुढचा टप्पा घेतला, आता हेही?

निघताना ती दारात चपला घालायला वाकली. तिच्या गडद कपड्यांवर, बरोबर खांद्यावर, एक पिवळा केस चमकत होता. उद्या सोमवार. हेच कपडे घालून गेली असती तर उजव्या खोलीतले जावई दिवसभर कोपऱ्यात बसले असते, आणि कोणाला काही कळलं नसतं.

मी पुढे झाले आणि चिमटीत धरून तो केस काढला.

"हे कपडे उद्या घालू नका," मी म्हटलं.

ती बाजूला झाली नाही. "तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, ताई," म्हणाली, आणि हळूच दार लावून गेली.

हा टोमणा होता की काय, याचा मी अजून विचार करतेय. केस या पानाच्या कोपऱ्यात, त्या छापलेल्या थेंबावर, चिकटवून ठेवला आहे.